एक्याऐंशी टक्के

दिव्यानी ब्रह्मपुरीची. २००९ साली ती चंद्रपुरात अजय भाऊंच्या छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायची. काम होतं एका धरणाचं: दरवाजे उघडण्याआधी नदीकाठचा भोंगा आपोआप वाजला पाहिजे. वीज गेली, तर बॅटरीवर.

प्रोग्रामचा किती भाग चाचण्यांत खरोखर चालून पाहिला, त्याचा अहवाल संगणक काढून द्यायचा. आकडा आला एक्याऐंशी टक्के. अजय भाऊंनी पेढे मागवले.

दिव्यानीला मात्र खटकलं. मोजणीत कोणकोणते भाग धरलेत, त्याची यादी तिनं उघडली. चाचण्यांचा स्वतःचा कोडही त्याच मोजणीत धरला होता. चाचणी चालवली की तो सगळाच चालणार, त्यामुळे आकडा फुगलेला. तिनं त्याच्यापुढची खूण काढली आणि अहवाल पुन्हा काढला. एकसष्ट. आणि बॅटरीवर भोंगा वाजवणाऱ्या भागापुढे शून्य.

"भाऊ, हा भाग आपण एकदाही चालवून पाह्यला नाई."

अजय भाऊंनी पडद्याकडे धड पाहिलंही नाही. "ऐंशीच्या खाली धरणवाले घेत नाईत. उद्या द्याचं हाये. खूण लाव परत."

"पण वीज गेली तर?"

"पावसाळ्याआधी पाहू ना. लाव."

तिनं खूण लावली. स्वतःच्या हातानं.

मृग आला, गेला. त्या भागाकडे कुणी फिरकलं नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी वीज गेली, पाणी चढलं, दरवाजे हातानं उघडावे लागले. भोंगा वाजलाच नाही. खाली नदीत इस्तारी ढिवर जाळं ओढत होता. दोन दिवसांनी तो तीन कोसांवर बाभळीत अडकलेला सापडला.

चौकशीला धरणखात्याचे साहेब आले. अजय भाऊंनी एक्याऐंशीचा कागद पुढे केला. "साहेब, आमची तपासणी पक्की होती. बॅटरीच खराब असन."

दिव्यानी उठली. साहेबांसमोर तिनं तीच खूण काढली आणि शून्य दाखवलं.

"हे आधी माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"मे महिन्यापासून."

"मग खूण परत कोणी लावली?"

"मी."

तिनं अजय भाऊंचं नावही सांगितलं, पण आपलं आधी. जबाबावर सही केली. नोकरी त्याच दिवशी गेली.

पुढच्या आठवड्यात ती इस्तारीच्या गावी गेली. त्याची बायको मैना अंगणात कोठीतलं धान उन्हाला घालत होती. दिव्यानीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मैनानं ऐकून घेतलं. "म्हंजे तुले मालूम होतं."

"हो, बाई."

"एक डाव येऊन सांगतलं असतं. भोंग्यावर भरवसा ठेवू नका म्हणून. तेवढ्यानं तो पाण्यात नसता उतरला."

हे दिव्यानीच्या मनात कधीच आलं नव्हतं.

"जा आता," मैना म्हणाली, आणि धानावर उतरलेल्या चिमण्या हाकलायला वळली.