दहाव्या सेंटिमीटरची खूण

मित्रांनो, मी एक जुनी मापकाठी आहे. एक मीटर लांब, सागवानी, अंगाला डिझेलचा वास. एका लहानशा इस्पितळामागच्या शेडमध्ये जनरेटर आहे. त्याची टाकी म्हणजे आडवं झोपवलेलं मोठं पिंप. मला खडू फासून टाकीत तळापर्यंत सोडायचं, वर काढायचं आणि मी कुठवर भिजले ते बघायचं, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर काळ्या आणि लाल अशा दोन रंगांच्या खुणा आहेत. काळ्या खुणांची मला लाज वाटते. तरी त्या कुणी पुसू नयेत.

मला रंधा मारला सुतारानं, पण काळ्या खुणा केल्या जनरेटर सांभाळणाऱ्या इंजिनमामांनी. टाकी हजार लिटरची, उंची शंभर सेंटिमीटर. मामांनी सरळ हिशेब केला, दर दहा सेंटिमीटरला शंभर लिटर. खात्रीसाठी रिकाम्या टाकीत पाचशे लिटर ओतून पाहिले. मी नेमकी पन्नासपर्यंत भिजले. शितावरून भाताची परीक्षा झाली. पुढे कित्येक वर्षं टाकी निम्म्याखाली फारशी गेलीच नाही, त्यामुळे माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मलाही तेव्हा बराच ताठा होता. वाकणं काठीला तसंही जमत नाही.

मग वादळात विजेचे खांब पडले आणि दोन दिवस जनरेटर अखंड चालला. त्याच वेळी मामांची लेक इस्पितळात बाळंत झाली होती. मुलगी दिवसांआधीच जन्मलेली, ओंजळभर. तिला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि ती पेटी विजेवर चालत होती. सकाळी मामांनी मला टाकीत सोडलं. मी दहापर्यंत भिजले.

"सिस्टर, शंभर लिटर आहे. तासाला वीस जातं, म्हणजे पाच तास," मामा म्हणाले. "टँकर चार तासांत येतोय. काळजी नको."

अडीच तासांतच इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. मामांनी मला पुन्हा सोडलं. मी कोरडी ठणठणीत वर आले. मला हातात धरूनच ते वॉर्डाकडे धावले. सिस्टरनी बाळाला पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं होतं, वर दोन घोंगड्या. टँकर येईपर्यंत त्या बाळाच्या पायाला हात लावून बसल्या. पाय गार पडत होते, पुन्हा कोमट होत होते. मामा दारातच उभे राहिले. इतकी वर्षं मी लोकांना आकडे सांगितले, पण आपला आकडा खोटा आहे हे तोवर मला कळलं नव्हतं.

बाळ वाचलं. मामांची लेक शाळेत गणित शिकवायची. चौथ्या दिवशी तिनं खाटेवर बसून कागद मागवला.

"बाबा, आडव्या पिंपाचा तळ निमुळता असतो. खालच्या दहा सेंटिमीटरमध्ये बावन्नच लिटर मावतात. मध्यावर मात्र तुमचा आकडा बरोबर येतो, म्हणून चूक दिसली नाही."

"मग शंभरची खूण कुठे?" मामांनी मान खाली घालूनच विचारलं.

इथे खरी पंचाईत होती. उंचीवरून लिटर काढता येत होते. पण लिटर ठरवून उंची काढायची, तर समीकरणात उंचीवर अवलंबून असलेला एक कोन दोन जागी होता, एकदा उघडा आणि एकदा साइनच्या पोटात. तिनं खूप उलटापालट केली, पण तो काही एकटा एका बाजूला येईना.

"ही गाठ सुटत नाही, बाबा. पण उत्तर आहेच, आपण चाचपत जाऊ," ती म्हणाली.

तिनं पंधरा सेंटिमीटर धरले, चौऱ्याण्णव लिटर आले. सोळा धरले, एकशेतीन. मग मधले आकडे घेत ती साडेपंधराच्या किंचित वर थांबली. तिथे लाल खूण झाली. एकेका खुणेसाठी असेच आकडे घालून पाहायचे. फक्त पन्नासच्या वरच्या खुणांना हिशेब नको होता, खालचीच अंतरं वरून उलटी मोजली. मामा माझ्यावर खुणा करत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"काळ्या खरवडून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"नको. राहू देत."

आता टाकीला काट्याचं मीटर आहे आणि मी खिळ्याला टांगलेली असते. मला कुणी हात लावत नाही. मित्रांनो, एका जागी खरं ठरलेलं माप सगळीकडे खरं मानू नका. जिथे चुकलं तर कुणाचा तरी जीव जाईल, तिथे ते आधी तपासा. आणि जुन्या काठीवरची धूळ अधूनमधून पुसत जा.

परवा मामांची नात आली होती. दहा वर्षांची झाली आहे. तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि सर्वांत खालच्या काळ्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "आजोबा, इथे काय होतं?"

मामांनी त्या खुणेवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"इथे तू होतीस," ते म्हणाले.