शेजारच्या टेबलावरचा

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा कारागीर दुकानात एका सोफ्याच्या पाठीला कापड ठोकत होता. तोंडात बारीक खिळे होते. ते मुठीत घेऊन तो "हॅलो" म्हणाला. पलीकडे मुलगी होती. "बाबा, घरी या," एवढंच म्हणाली. ते खिळे अजून मुठीतच आहेत, हे त्याला घरी पोचल्यावर कळलं.

सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या ती कोसळली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतके महिने सगळं घर तिच्या पाठीची काळजी करत होतं आणि दगा दिला तो हृदयानं.

दुपारपर्यंत बाहेरची खोली माणसांनी भरली. त्यात एक अनोळखी माणूस आला. अंगात बसड्रायव्हरचा गणवेश, मानेला पट्टा. पट्ट्यामुळे त्याला मान खाली घालता येईना. मग तो सरळ गुडघ्यांवर बसला, कमरेतून वाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "अशा दिसायच्या होय ह्या!" असं म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कारागिराच्या डोळ्यांतून तोवर टिपूस आला नव्हता. मेहुणी त्याच्या कानाशी लागली.

"भावोजी, हा कोण?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत नाही, आणि रडतोय तर असा, जसं काही..."

"जसं काही काय?"

"काही नाही बाई."

उलगडा मुलीनं केला. आई पाठीच्या उपचाराला जायची तिथून फोन आला होता, आज का आल्या नाहीत म्हणून. तिनं आई गेल्याचं सांगितलं होतं. "हे तिथलेच आहेत बाबा. आईच्या शेजारच्या टेबलावर असायचे."

शेजारच्या टेबलावर. हे शब्द कारागिराच्या डोक्यात ठाण मांडून बसले.

त्या उपचाराबद्दल त्याला फार माहिती नव्हती. ऑपरेशन न करता मशीननं मणका हळूहळू ताणतात, पुन्हा सैल सोडतात, त्यामुळे दबलेली नस मोकळी होते, एवढं तिनं सांगितलं होतं. एकदा त्यानं तिला स्कूटरवरून दारापर्यंत सोडलं होतं. वर कधी गेला नव्हता. तिनंही "चला" म्हटलं नाही. तशी ती बोलायचीच कमी. हो, नाही, वाढू का, झालं. आपल्या बायकोच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या लाकडातून खिळा काढायचा, असं तो मित्रांना सांगायचा आणि मित्र हसायचे.

आता दुकानात त्याचं चित्त ठिकाणावर राहीना. मखमलीची लव एका सीटवर खाली आणि दुसरीवर वर अशी त्यानं शिवून ठेवली. गिऱ्हाईक म्हणालं, "कारागीर, ही काय नवीन फॅशन आहे?" त्यानं सगळं उसवलं. उसवता उसवता मनात एकच. त्या टेबलांमध्ये अंतर किती असेल?

शेवटी तो तिथे गेला. पाठ दुखते म्हणाला. ती थाप होती. फिजिओथेरपी करणाऱ्या मॅडम मुलीच्या वयाच्या. त्यांनी त्याला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलला. जेमतेम हातभर उचलला असेल, तो कारागीर ओरडला.

"काका, हे किती दिवसांचं अंगावर काढताय?"

"मला वाटलं, वाकून काम करतो म्हणून होत असेल."

"मणक्यामधली गादी सरकलेली दिसतेय. एमआरआय करून घ्या, डॉक्टरांना दाखवू."

"अहो, जन्मभर लोकांच्या गाद्या भरल्या मी."

"मग स्वतःची तेवढी राहिली," मॅडम म्हणाल्या.

सोंग घेऊन गेला आणि खरंच दुखणं गळ्यात पडलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, ऑपरेशनची गरज नाही, उपचार सुरू करा म्हणाले. कारागिरानं एकच हट्ट धरला. तिची वेळ आणि तिचंच टेबल. मॅडमनी त्याच्याकडे जरा पाहिलं आणि हो म्हटलं.

टेबल दोन भागांचं होतं. छातीला एक पट्टा, कमरेला एक. मॅडमनी त्याच्या हातात एक बटण दिलं. सहन झालं नाही तर दाबायचं, मशीन थांबतं. मग पडदा ओढून त्या गेल्या. टेबलाचा खालचा भाग हळूच सरकला आणि कंबर कोणीतरी ओढून घेतंय असं त्याला वाटलं. तेवढ्यात पडद्यापलीकडे कुणी आलं, टेबलावर आडवं झालं. मॅडम त्याची मान अडकवत असाव्यात. त्या गेल्यावर आवाज आला.

"नवीन पेशंट का? घाबरू नका. पहिल्या दिवशी वाटतं, आता दोन तुकडे होणार. होत नाहीत. मी अजून अखंड आहे."

"मी तिचा नवरा."

पलीकडचं टेबल करकरलं.

"सोफेवाले?"

"तुम्हाला काय माहीत?"

"रेडिओनं सांगितलं."

"कोण रेडिओ?"

"ताईंना मी रेडिओ म्हणायचो. एकदा लागल्या की बंदच व्हायच्या नाहीत. आणि आमचं सगळंच रेडिओसारखं, एकमेकांना बघायचं नाही, नुसतं ऐकायचं."

"म्हणजे?"

"मी यायचो तेव्हा त्या पडद्याआड झोपलेल्या. माझं मानेचं लवकर आटपायचं आणि मला ड्युटी. मी आधी निघायचो. चेहरा पाहिला तो थेट तुमच्या घरी. त्या दिवशी."

कारागीर छताकडे बघत राहिला. इतके दिवस त्यानं नको नको ते मनात आणलं होतं. त्यातलं काहीच नव्हतं, पण त्यामुळे बरंही वाटेना. या माणसानं तिचा हात धरला असता तर त्याची कॉलर धरता आली असती. आवाज ऐकला म्हणून कुणाला काय बोलणार?

"काय बोलायची ती?"

"काय नाही बोलायच्या? तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची नक्कल करायच्या. माझ्या कंडक्टरची सुद्धा, नुसतं मी सांगितल्यावरून. हसून हसून माझी मान दुखायची. मॅडम ओरडायच्या."

नक्कल! घरी तिनं कधी कुणाचा नुसता सूरही काढला नव्हता.

"आणि पाठीचं तर त्यांचं कधीच बरं झालं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला ठाऊक असेलच."

"काय?"

"आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, नको, घरी कळेल. बरी झाले म्हटलं तर हे जेवणानंतर पाठ चोळून देतात ते बंद करतील. एरवी आमचे हे मला हात लावतात तो सोफ्याचं माप घेतल्यासारखा."

कारागिरानं बटण दाबलं. पट्टे सैल झाले. मॅडम धावत आल्या.

"काका, दुखलं का?"

"नाही. चुकून दाबलं."

"मॅडम, माझं तोंड जरा जास्त चाललं," पलीकडून आवाज आला.

घरी त्यानं मुलीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. "बाबा, किती जीव होता तिचा तुमच्यावर." खरं होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं एवढ्यावर उरलेले दिवस काढले असते. कारागिराला मात्र ते पुरेना. ती गोष्ट त्याची होती. चोळताना रोज त्याचे हात तिच्या पाठीवर असायचे, कान टीव्हीकडे असले तरी जागेवरच होते. तरी तिनं ती सांगितली एका परक्याला, आणि आता ती त्याला परक्याच्या तोंडून, उष्टी होऊन मिळाली.

तरी तो जात राहिला. पाय आता बराच वर जातो. रोज तो विचारतो, "आणखी काय म्हणायची?" ड्रायव्हर सांगतो. कधी तिनं केलेली नक्कल करून दाखवतो, आणि कारागीर दातावर दात धरून ऐकतो.

परवा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पुढच्या आठवड्यात माझं संपतंय. लांबच्या रूटवर टाकलंय मला. एक मागू?"

"मागा."

"ताईंचा एखादा फोटो दाखवा ना. हसतानाचा. मी पाहिला तो चेहरा त्या आवाजाला बसत नाही हो. आवाज आठवायला गेलं की तोच समोर येतो."

असा फोटो आहे. दुकानात, कापड न चढवलेल्या सोफ्यावर ती बसली आहे, स्प्रिंग टोचली म्हणून तोंड उघडून हसते आहे. मुलीनं काढला होता. कारागिराच्या फोनमध्ये आहे, आणि फोन तेव्हा तिथेच, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता.

"उद्या आणतो," तो म्हणाला.

त्यानंतर दोनदा पडद्याच्या अलीकडे तो आणि पलीकडे ड्रायव्हर असे झोपले. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं नाही. फोटो अजून दाखवलेला नाही.