मी थेंब की चंद्र?

मित्रांनो, मी पुस्तकात चित्र छापायचा एक जुना लाकडी ठसा आहे. एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. माझ्यावर चित्र कशाचं कोरलंय, असं विचाराल तर मात्र माझी पंचाईत होते.

माझा जन्म दोन बहिणींच्या घरी झाला. तेव्हा विज्ञानाची पुस्तकं विद्वान लिहीत आणि विद्वानच वाचत. बाकीच्यांच्या ती डोक्यावरून जात. थोरली शाळेत शिकवायची. घरातल्या कोणालाही कळेल असं पुस्तक लिहायचंच, असा तिने हट्ट धरला. त्यात मावशी आणि भाची गप्पा मारतात आणि बोलता बोलता पाणी, हवा, तारे समजत जातात. यातलं प्रत्येक चित्र स्वतः पाहून काढलंय, असं तिने पहिल्याच पानावर लिहिलं. धाकटीने भिंगाला डोळा लावून डबक्यातल्या पाण्याचा थेंब पाहिला आणि माझ्यावर कोरला. मोठं वर्तुळ, आत छोटी छोटी कडी, ठिपके आणि एक बाकदार पांढरी रेघ. थेंबातला सगळ्यात रुबाबदार जीव म्हणजे ती रेघच, असं मला वाटायचं.

पुस्तक हातोहात खपलं. मग थोरलीने आकाशावर दुसरं लिहिलं. चंद्राचं चित्र वेळेत कोरून होईना, म्हणून छापखान्याच्या मालकांनी कोणाला न विचारता मला उलटा फिरवून बसवलं आणि खाली ‘चंद्र’ असं छापून टाकलं. कड्यांचे म्हणे खड्डे झाले. थोरलीने पाहिलं तोवर सगळं छापून झालं होतं. गोलच तर आहे, चंद्रावर जाऊन कोण बघणार, अशी मालकांनी तिची समजूत घातली आणि ती गप्प बसली. मी पार चक्रावलो. लोक माझ्याकडे पाहून ‘काय सुंदर चंद्र’ म्हणायचे, तेव्हा मलाही ते पटायला लागायचं. पुढे घरगुती औषधांच्या कुठल्याशा पुस्तकात मी आजारी माणसाची जीभ झालो. त्यानंतर विचार करणंच सोडून दिलं.

एके दिवशी एक आई लेकीला घेऊन थोरलीकडे आली. तिने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली आणि त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

“बाई, थेंबातही हीच रेघ आणि चंद्रावरही हीच. पृथ्वी फिरते असं तुम्ही लिहिलंय, ते तरी खरं मानू का? हिला काय सांगू?”

थोरलीचा चेहरा उतरला. मायलेकींना तिथेच बसवून ती तडक छापखान्यात आली, मला घरी नेलं आणि धाकटीला म्हणाली, याला रंधा मारून सपाट कर. माझी पाचावर धारण बसली. मी खोटं बोललो होतो का? मला तर काही बोलताच येत नाही.

धाकटीने रंधा उचलला, पण आधी त्या मुलीला भिंगातून थेंब बघू दे म्हणाली. मुलगी थेंबाकडे बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत थेंबाकडे.

“कडी आहेत. ठिपकेपण आहेत,” ती म्हणाली. “पण ही रेघ कुठेच नाही.”

धाकटी खाली बघत म्हणाली, कोरताना हात घसरला होता; वाटलं, कोणाच्या लक्षात येणार आहे. म्हणजे मला ज्याचा एवढा अभिमान, तो जीव कधी नव्हताच. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

थोरली त्या आईजवळ बसली. “हिला सांगा, बाई चुकल्या होत्या. पृथ्वी फिरते असं मी कशावरून म्हणते, तेही आता सांगते. पटलं तरच माना.”

रंधा परत पेटीत गेला. धाकटीने ती रेघ कोरून काढली, तिथे लाकडाची छोटीशी खुंटी ठोकली आणि नव्याने ठिपके कोरले. पुढच्या आवृत्तीत थोरलीने ही सगळी फजिती पहिल्याच पानावर छापली.

मित्रांनो, अजूनही कधीकधी मला आपण चंद्रच आहोत असं वाटतं. म्हणून माझ्या खालच्या ओळीवर विसंबू नका, थेंबभर पाणी घ्या आणि स्वतः बघा. माझ्यात आणखी चूक सापडली तर जरूर सांगा. अजून एका खुंटीला माझ्यात जागा आहे.