पट्टी कुठल्या पायाला

हातोडीच्या तोंडातले खालचे तीन दात खोटे होते आणि वरचा एकही सरळ नव्हता. चौदा वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत उभं राहून मिळालेली ही कमाई. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण तिने इतरांचे पाडलेले दात त्याहून जास्त होते.

सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये कोच तिच्या शेजारी येऊन बसला. हा माणूस कधी ओरडायचा नाही. जे काही नीच सांगायचं, ते खाली वाकून बुटाची नाडी बांधता बांधता सांगायचा.

"त्यांच्या त्या भिंगरीला अर्ध्या तासात बाहेर काढायचं. कसं, ते मी तुला शिकवायला नको."

"बहीण आहे ती माझी."

"म्हणून तर तुला सांगतोय. तिची नस न् नस तुला ठाऊक. तुझा करार संपतोय या महिन्यात. चौतिशीत तुला दुसरा कुठला क्लब दारात उभं करणार?" नाडीची गाठ मारून तो उठला. हातोडीच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तिने भिंतीवर फेकली. तेवढंच तिच्या हातात होतं.

दोन दिवसांपूर्वी आईचा फोन आला होता. "तिच्या एका गुडघ्याचं बिनसलंय गं. डॉक्टर म्हणाले, अजून एक फटका बसला तर खेळ संपला. कुठला ते विचारू नकोस. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये तिने."

शपथ घालण्यासारखंच होतं. पूर्वी दोघी एकाच क्लबात होत्या. भिंगरी सतरा वर्षांची असताना हातोडीनेच तिला आपली खास युक्ती शिकवली होती. पायाला पट्टी दिसली की समोरच्या पोरी नेमकी तिथे लाथ घालतात, तेव्हा दुखरा पाय उघडा ठेवायचा आणि पट्टी धडधाकट पायाला गुंडाळायची. बसू देत मग बोंबलत. ही युक्ती दोघींखेरीज कोणाला माहीत नव्हती. आणि त्याच वर्षी सरावात हातोडीने तिला अशी काही आडवी केली की पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं. वर दवाखान्यात जाऊन सुनावलं, "मैदानावर मी कोणाची ताई नाही." प्लास्टर निघालं त्या दिवशी भिंगरीने क्लब सोडला आणि बोलणंही.

आज ती मैदानात उतरली तेव्हा उजव्या गुडघ्याला पांढरीशुभ्र पट्टी होती, डावा उघडा. हातोडीच्या जिवात जीव आला. म्हणजे दुखरा डावा. मग उजव्यावर एक सणसणीत घालायची, पोरगी पंधरा दिवस लंगडेल, शिव्या देईल, पण खेळ वाचेल. कोचही खूश. तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तिसऱ्याच मिनिटाला दोघी एका चेंडूसाठी उडाल्या आणि भिंगरीने कोपर तिच्या तोंडावर हाणलं. खोटे दात गवतात पडले. रेफरीची पाठ होती. हातोडीने रक्त थुंकलं आणि मनात म्हणाली, शाबास, माझीच शिकवण. मग सगळ्याच पेटल्या. एकीची भुवई फाटली, एकीच्या बरगडीत गुडघा गेला. एक जण नाकात कापूस कोंबून परत आली आणि येताक्षणी दुसरीचं नाक फोडून मोकळी झाली.

विसाव्या मिनिटाला हातोडीच्याच संघातली एक दांडगट पोर भिंगरीच्या उघड्या डाव्या पायावर धावून गेली. हातोडीने मध्ये घुसून स्वतःच्याच खेळाडूच्या पोटात खांदा घातला. ती कळवळून खाली बसली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ती माझी आहे. तिच्या वाटेला जायचं नाही."

सत्ताविसाव्या मिनिटाला भिंगरी चेंडू घेऊन एकटीच सुटली. हातोडी बाजूने आली, नीट बघून, नीट मोजून, दोन्ही पाय पुढे टाकून घसरली आणि बुटाचे खिळे बरोबर पट्टीवर घातले. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. भिंगरीची किंकाळी एवढी मोठी होती की प्रेक्षक एकदम गप्प झाले. गुडघ्याखालचा पाय भलतीकडेच वळला होता. हातोडीला लाल कार्ड दिसलंच नाही. ती त्या पायाकडे बघत होती. एवढा जोर तिने लावलाच नव्हता.

भिंगरीला स्ट्रेचरवरून नेलं. मागोमाग बाहेर जाणाऱ्या हातोडीच्या पाठीवर कोचने थाप मारली. "करार झाला समज." तिने वळून एकच ठोसा दिला. कोच बाकांवर कोसळला. ती न थांबता समोरच्या संघाच्या उपचारखोलीत शिरली.

फिजिओ कात्रीने पट्टी कापत होती. पट्टीखालचा गुडघा टम्म सुजलेला आणि कडेने पिवळा पडलेला होता. पिवळा डाग आजचा नसतो, एवढं हातोडीला कळत होतं.

"दुखऱ्या पायालाच पट्टी बांधलीस?"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाकीच्या पट्टीवर मारतात. तू उघड्यावर मारणार, हे मला माहीत होतं. तुझ्याचसाठी उलटी बांधली."

"अगं, मी तुझा दुखरा पाय वाचवायला पट्टीवर आले. आईशप्पथ."

भिंगरीने तिच्या रक्ताळलेल्या, दात पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता. का बसावा?

फिजिओला घाई होती, तिने जर्सीकडे पाहिलंही नाही. कोण कोणाची कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. "बाई, नुसत्या उभ्या काय राहता? पाय घट्ट धरा, मला सरळ करायचाय."

हातोडीने दोन्ही हातांनी पाय धरला, इतक्या हळुवार, जणू तो तान्ह्या मुलाचा असावा.

"हिला हात लावू देऊ नका!" भिंगरी किंचाळली. "कोणीही चालेल, ही नको!"

हातोडीने हात काढून घेतले.