दाराशी थांबणारी मढी

सोलो शहरात लुकितोने झॉम्बींचा गेम बनवला. गावभर, शेतांतून हवं तिकडे हिंडायचं, खाण्यापिण्याचं गोळा करायचं आणि दिवस कलला की एखाद्या घरात शिरून मढ्यांपासून जीव वाचवायचा, असा तो गेम. त्याच्या आईचं, बू सुमिनारचं, म्हणणं एवढंच होतं की मेलेल्यांची सेवा करण्यापेक्षा सरकारची करावी. मायलेकांचं ठरलं होतं: गेम चालला तर ठीक, नाहीतर लुकितोने निमूटपणे सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं. गणवेशाचं खाकी कापड तिने आधीच आणून ठेवलं होतं.

गेम बाजारात आला आणि परदेशी खेळाडूंनी नाकं मुरडली. "फारच सोपा. मढं दाराशी येतं, तीनदा घोगरी हाक मारतं आणि निघून जातं."

लुकितोने गेमची चित्रं काढणाऱ्या गियान्तोकडे पाहिलं. "मग काय करायला हवं होतं त्याने?"

"दार फोडून आत यायचं म्हणे, मास," गियान्तो म्हणाला; मास म्हणजे दादा.

"न विचारता?"

कुणाच्याही दाराशी गेलं की तीनदा हाक द्यायची, ओ आली नाही तर परत फिरायचं, हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की मढ्याला वेगळं काही शिकवावं हे डोक्यातच आलं नव्हतं.

देशातल्या खेळाडूंची तक्रार नेमकी उलटी. "भयंकर अवघड. पहिल्याच संध्याकाळी मरतो." लुकितोने काहींचे खेळ बघितले. तिसरी हाक झाली की जो तो उठून दार उघडत होता.

"यांना कळत नाही का बाहेर कोण आहे ते?"

"कळतं की," गियान्तो म्हणाला. "पण तिसऱ्या हाकेलाही गप्प बसायचं, म्हणजे शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी मेलेत, गियान्तो. मढी झालीत त्यांची."

"तेच तर. बाहेर उभी राहून सगळं बघतात."

परीक्षेला नाव घालायची मुदत शनिवारी संपत होती. बू सुमिनार म्हणाली, "मीच खेळून बघते, म्हणजे न बघता बोलले असं नको." बसली, तिसऱ्या हाकेला दार उघडलं आणि मेली.

"आल्या आल्या चावलं," ती म्हणाली. "बस म्हणायचीही सवड नाही. कुणी वाढवलंय याला?"

"मी," लुकितो म्हणाला.

"मग मी काय बोलणार. निदान चहा तरी विचारू दे मला."

बुडत्याचा पाय खोलात जायचा तर जाऊ दे, असं म्हणून लुकितोने गेममध्ये चहा घातला. आता दार उघडलं की मढं आत येई, चटईवर बसे, पुढे चहाचा पेला येई. आणि यजमान 'मोंग्गो', म्हणजे 'घ्या ना', म्हणेपर्यंत कुठला भला पाहुणा पेल्याला हात लावतो? मढंही लावत नसे. खेळाडूने तोंडाने मोंग्गो म्हटलं आणि संगणकाने ते ऐकलं, की मढं आधी चहा संपवी, मग यजमानाला.

परदेशी खेळाडूंची बोबडी वळली. घरभर मढी बसलेली, समोर पेले, सगळ्यांची नजर आपल्याकडे. त्यांनी एकमेकांना बोलावून गेम दाखवला. देशातले मात्र जेमतेम तग धरत आणि मोंग्गो म्हणून मोकळे होत. "चहा निवत होता हो," एकाने लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला.

लोक गेम घेत होते, पण याला चालणं म्हणतात की नाही ते बू सुमिनार ठरवणार होती. शनिवारी दुपारी लुकितो तिच्यामागे येऊन उभा राहिला. घरातल्या एकुलत्या संगणकावर ती बसली होती, चुकून मोंग्गो निसटू नये म्हणून पदर तोंडावर घट्ट दाबून.

"बू, उठता का? परीक्षेला नाव घालायचंय. आज शेवटचा दिवस."

तिने पदर जरासा बाजूला केला. "आत्ता कशी उठू? पाच जण बसलेत."

"मढी आहेत ती."

"असेनात. पाहुण्यांना बसवून घरचं माणूस कधी उठून जातं का?"

"मुदत संपेल, बू."

"परीक्षा काय, दर वर्षी असते. पुढल्या वर्षी बघू." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आधी इकडे बघ, तोले, माझ्या बाळा. या कोपऱ्यातल्याचा चहा पार पाणी झालाय. तो बदलून देता येईल असं काहीतरी कर."

लुकितोने गियान्तोला फोन लावला आणि चहा बदलायची सोय करायचीय, संगणक घेऊन ताबडतोब ये म्हणून सांगितलं.