लाव म्हणेपर्यंत

गाडीत एक नियम होता आणि तो वायरमनने केला होता. कुठलंही बटण दाबायच्या आधी त्या वस्तूचं नाव मोठ्याने घ्यायचं. बायकोने "किटली?" म्हणून हाक द्यायची, हा मनातल्या मनात बेरीज करणार, आणि "लाव" म्हणाला तरच किटली लागणार. "थांब" म्हणाला की थांबायचं, मग चहाची कितीही तल्लफ येवो.

हसू नका, त्यात तथ्य होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढून निवृत्त झालेल्या या माणसाने एक जुनी बस घेतली, तिच्यात पलंग, ओटा, न्हाणीघर बसवलं, छतावर एसी चढवला आणि नवराबायको त्यातच राहायला लागले. घरात तुम्ही काय वाटेल ते लावा, कोण विचारतो! पण अशा गाड्यांच्या तळावर खांबावरच्या डब्यातून एकच वायर मिळते, आणि तिच्यातून फक्त दहा अँपिअर. त्यातले सात एकटा एसी खातो. किटली आठ, गिझर तीन. किटलीच्या जोडीला यातलं दुसरं काहीही लागलं की खांबावरचा खटका, म्हणजे एमसीबी, पडलाच, आणि डब्याला कुलूप, किल्ली तळाच्या ऑफिसात.

बायको हे सगळं निमूट पाळायची. एकदाच तिने स्वतःचं एक कलम घुसडलं होतं. "लावायला विचारीन, बंद करायला नाही विचारणार." मोठ्या मनाने याने ते मान्य केलं होतं.

मग तिचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, उकाडा हिला झेपायचा नाही, गारव्यातच ठेवा. तेव्हापासून वायरमनचा सगळा जीव त्या सात अँपिअरात अडकला होता.

त्या दिवशी भर दुपारी टपाचा पत्रा नुसता पेटला होता. बायकोने हाक दिली, "किटली?"

"एसी बंद करून लाव," न्हाणीघरातून उत्तर आलं.

तिने एसी बंद केला, किटली लावली, आणि सगळंच गप्प झालं.

हा बाहेर आला. "एसी बंद केला होतास का नक्की?"

"केला होता."

"मग पडला कसा? धांदरट कुठली! आता मी सांगेपर्यंत काहीही लावायचं नाही. कळलं?"

"बरं," ती म्हणाली.

बॅटरीवर एक चिमुकला पंखा चालायचा. तो तिच्या तोंडाशी वळवून, सदरा अडकवून वायरमन तणतणत ऑफिसात गेला. फोन गाडीतच राहिला.

मॅनेजरने बिचाऱ्याने लगेच किल्ली देऊन माणूस पाठवला. एवढ्यावर परत फिरावं की नाही? पण याच्या डोक्यात बसलं होतं की एमसीबीच कमजोर आहे.

"नुसत्या किटलीला पडतो म्हणजे काय? मला दुसरा खांब द्या."

"काका, एकही रिकामा नाही."

"मग हा बदलून द्या."

"मालकांना विचारावं लागेल."

मालकांचा फोन लागेना. "माझी बायको आजारी आहे हो, तिला उकाडा चालत नाही," हे वायरमनने चार वेळा सांगितलं आणि मॅनेजर चारही वेळा "हो ना" म्हणाला. चाळीस मिनिटं हा तिथे खुर्चीवरून उठत-बसत राहिला आणि शेवटी हात हलवत परतला.

गाडीचं दार उघडलं तर आतून धग अंगावर आली. फ्रिज चालू होता. वीज आल्याचा हिरवा दिवा लागलेला होता, एसी मात्र बंद. बायको पलंगावर भिंतीला डोकं टेकून बसली होती, पांढरीफटक, घामाने निथळत.

"अगं, लाईट आलीय की! एसी का नाही लावलास?"

तिची जीभ जड झाली होती. "तुम्ही... लाव म्हणाला नाहीत."

एसीचं बटण दाबताना त्याला शेजारचं बटण दिसलं. गिझरचं. न्हाणीघरात शिरताना ते त्यानेच दाबलं होतं. उन्हाळ्यातसुद्धा याला कढत पाणी लागायचं, आणि नाव घ्यायचा नियम काय याला होता? आता ते बंद होतं. बंद करायला ती विचारत नसे. म्हणजे याच्या माघारी तिला सगळं कळलं होतं.

एसीतून नुसती गरम हवा येत होती. कॉम्प्रेसर तीन मिनिटांनी सुरू होणार होता, लोड एकदम वाढू नये म्हणून तो टायमर यानेच बसवला होता. फोन केला तर ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, वीस मिनिटं. त्याने टॉवेल भिजवला तर टाकीतलं पाणीही तापलेलं. एक तार इकडची तिकडे केली असती तर टायमर टळला असता, पण त्याला साधा पेचकस धरवेना. "आत्ता सुरू होईल हं, आत्ता," असं म्हणत तो तिचे तळवे चोळत राहिला आणि ढसाढसा रडला. तीन मिनिटं माणसाने करावं तरी काय!

वाचली ती. चौथ्या दिवशी दवाखान्यातून गाडीत आली. वायरमनने जाहीर करून टाकलं, "नियम बंद. तुला हवं ते, हवं तेव्हा लाव. पडू दे एमसीबी पडला तर."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यापलीकडून हाक आली, "किटली?"

त्याने ओठ घट्ट मिटले. आपण गप्प राहिलो की लावेल आपली आपण, म्हणून तो कान देऊन बसला. पाण्याचा आवाज काही येईना. बराच वेळ गेला, तेव्हा त्याने हळूच पडदा सरकवला.

एसी तिने केव्हाच बंद केला होता. किटलीच्या बटणावर बोट ठेवून ती उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम जमा झाला होता.

"लाव," तो म्हणाला. "लाव गं."