बसलेला हात

ताईंना त्या प्रयोगशाळेतून सुटायचं होतं आणि त्यासाठी एक सही हवी होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली. आता तिथल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ताईंना नोकरी मिळाली होती. एक तारखेला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी कार्यमुक्तीचं पत्र टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. अट एकच.

"नव्या माणसाला प्रथिन काढता येऊ दे, मग खुशाल जा."

काम ऐकायला सोपं. पेशींच्या रसात हजार प्रथिनं, त्यातलं एक हवं. रसात तपकिरी चुंबकी मणी सोडायचे, पिठाहून बारीक. हवं ते प्रथिन नेमकं त्यांना चिकटतं. ट्यूब चुंबकाच्या स्टँडवर ठेवली की सगळे मणी एका बाजूला जमतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला नाक लावून. मग पाणी ओढून ब्लीचच्या बाटलीत फेकायचं. असं चार वेळा धुवायचं. पाचव्यांदा मात्र वेगळं द्रावण घालायचं, ते प्रथिनाला मण्यांपासून सोडवतं. आता पाणी ठेवायचं आणि मणी फेकायचे.

नवा माणूस चार वेळा पाणी फेकायचा आणि त्याच ओघात पाचव्यांदाही.

"अहो, पाचवं ठेवायचं!"

"डोक्याला कळतं हो ताई. हाताला तुम्हीच सांगून बघा."

माणूस गोड होता, म्हणून रागावण्याचीही सोय नव्हती. तीन आठवडे प्रथिन नेमाने ब्लीचच्या बाटलीत जात होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन यायचा.

"काय, सुटलीस का?"

"अजून धुणंच चाललंय."

"घराच्या दोन चाव्या केल्यात गं. तुझी गंजायला लागली."

एकोणतीस तारखेला ताईंनी आयुष्यातली पहिली लबाडी केली. नवा माणूस चहाला गेलेला असताना पाचवी पायरी स्वतः उरकली आणि झाकणावर त्याच्या नावाचं अक्षर घातलं. दुपारी प्रथिन तपासायच्या जेलवर, जिथे प्रत्येक प्रथिनाची वेगळी रेघ दिसते, एकच रेघ उमटली. निळी, सरळ, आजूबाजूला डाग नाही.

सरांनी जेल उजेडावर धरलं. "वा!" म्हणाले. ड्रॉवर उघडला, पत्र काढलं, पेनाचं टोपण काढलं. पुन्हा जेलकडे पाहिलं आणि टोपण लावलं.

"ताई, हा तुमचा हात आहे."

"त्याचाच आहे, सर. जमतं आता त्याला."

"अकरा वर्षं तुमच्या रेघा बघतोय. बायकोचं अक्षर ओळखणार नाही एखादवेळ, पण ही रेघ ओळखीन. तुमचा हात बसलाय. असं माणूस सोडायला मला काय वेड लागलंय?"

"म्हणजे त्याला जमलं नाही तर मी जायचं नाही, आणि मी करून दाखवलं तरी..."

"मग तुम्हीच सांगा, तुमच्या जागी कोणाला बसवू?"

सर हे मनापासून कौतुकाने बोलले होते. ताईंच्या तोंडून सवयीने "थँक्यू सर" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या माणसाने राजीनामा दिला. सरांनी उभ्या उभ्या सही केली, वर शुभेच्छाही दिल्या. डबा पिशवीत टाकता टाकता तो ताईंना म्हणाला, "एकदा बिघडवून बघा की. बिनकामाच्या माणसाला कोणी धरून ठेवत नाही."

अकरा वर्षांत इतका शहाणा सल्ला ताईंना कोणी दिला नव्हता. त्या दिवशीचा नमुना सरांचा लाडका, महिनाभर वाट पाहून मिळालेला. खुद्द सर शेजारी येऊन उभे राहिले. ताईंनी चार वेळा धुतलं. पाचवं द्रावण घातलं, दहा मिनिटं थांबल्या, ट्यूब चुंबकावर ठेवली. पाणी पिपेटमध्ये ओढून हात ब्लीचच्या बाटलीवर नेला.

आता अंगठा दाबायचा, बस. उद्या एक तारीख.

अंगठा दबला नाही. हात मात्र शांतपणे बाजूला वळला, त्याने पिपेट स्वच्छ ट्यूबमध्ये रिकामी केली, झाकण लावलं आणि वर सुवाच्य अक्षरात तारीख घातली.

"याला म्हणतात काम," सर म्हणाले.

ताईंच्या खिशातला फोन वाजायला लागला. जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांनी आधी ट्यूब बर्फात नीट खोचली, आणि मगच फोन उचलला.